केसांचा पिसारा : ग्लॅम मेटलचा उदय आणि अस्त

संपलेल्या कलाशैलीची टिंगल करायला फारसा विचार लागत नाही. ग्लॅम मेटल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पाश्चात्त्य रॉकशैलीच्या वाट्याला गेली तीसहून अधिक वर्षे अशी टिंगलच आली आहे. पिंजून फुगवलेले लांब केस, डोळ्यांत काजळ, ओठांना रंग, अंगाला चिकटून बसणाऱ्या चकचकीत विजारी आणि एवढ्या शृंगारानिशी मर्दपणाची सतत चाललेली दवंडी, असे तिचे रूप होते. १९८३ ते १९९१ या काळात अमेरिकेच्या विक्रीयाद्यांवर तिचा दबदबा होता. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच तिचे नाव निघाले की लोक हसू लागले. 'हेअर मेटल', म्हणजे केसांचे मेटल, हे हिणवणारे नाव तिला चिकटले ते या उतरत्या काळात. इतका झपाट्याचा उदय आणि तितक्याच झपाट्याचा अस्त पाहिला म्हणजे दोन प्रश्न विचारणे क्रमप्राप्त ठरते. या शैलीत खरे असे काही होते काय? आणि असल्यास ते कोणत्या खोटेपणाखाली दबून गेले?

हे प्रश्न चाकूरसारख्या, लातूर-नांदेड रस्त्यावरील तालुक्याच्या गावी बसून विचारण्याचे प्रयोजन काय, असे कोणी म्हणेल. प्रयोजन आहे. पुरुषाने नटावे की नाही, नटलेल्या पुरुषाला पुरुष म्हणावे की नाही आणि आवाज चढवला म्हणजे मर्दपणा सिद्ध होतो की काय, हे तिन्ही प्रश्न मराठवाड्याला परके नाहीत. तमाशाच्या फडात, मरीआईच्या गाड्यापुढे आणि अलीकडे मिरवणुकीतील डीजेच्या भिंतीपुढे आपणही त्यांना आपापल्या परीने उत्तरे देत आलो आहोत. लॉस एंजेलिसच्या एका रस्त्यावर त्यांना जे उत्तर मिळाले ते तपासून पाहिले, तर आपल्या उत्तरांकडेही नीट पाहता येईल.

प्रथम थोडा इतिहास. नटलेला रॉकगायक ही काही ग्लॅम मेटलची निर्मिती नव्हे. १९७०च्या दशकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये मार्क बोलन आणि डेव्हिड बोवी यांनी चमचमती वस्त्रे व रंगवलेला चेहरा रंगमंचावर आणला. 'न्यूयॉर्क डॉल्स' या वाद्यवृंदाने अमेरिकेत तोच मार्ग अधिक ओबडधोबड रीतीने चोखाळला, तर १९७३ साली स्थापन झालेल्या 'किस'ने चेहऱ्यावरच्या रंगाला मुखवट्याचे रूप दिले. बोवीच्या शृंगारात एक पृच्छा दडलेली होती. पुरुष आणि स्त्री यांच्यामधली रेषा खरोखर कोठे आहे, असे तो रंग प्रेक्षकाला विचारत होता आणि प्रेक्षक अस्वस्थ होत होता. ग्लॅम मेटलने रंग घेतला आणि पृच्छा वगळली. या शैलीच्या पुढच्या साऱ्या कहाणीचे बीज या निवडीत आहे.

लॉस एंजेलिसच्या पश्चिमेकडील सनसेट स्ट्रिप हा रस्ता या शैलीचे माहेर. व्हिस्की अ गो गो, रॉक्सी, गझारीज अशी नावे असलेल्या तेथील क्लबांतून 'व्हॅन हेलन' पुढे आला आणि १९७८ साली त्याचा पहिला अल्बम निघाला. १९८१ मध्ये 'मॉटली क्रू' स्थापन झाला. त्याच वर्षी १ ऑगस्टला एमटीव्ही ही केवळ गाण्यांच्या चित्रफिती दाखवणारी दूरचित्रवाहिनी सुरू झाली. ही निव्वळ योगायोगाची गोष्ट मानता येणार नाही. रेडिओला गायकाचा चेहरा लागत नाही. एमटीव्हीला चेहऱ्यावाचून चालत नव्हते. जे वृंद आधीपासूनच नटून उभे होते त्यांना या वाहिनीने उचलून धरले. नोव्हेंबर १९८३ मध्ये 'क्वायट रायट'चा 'मेटल हेल्थ' हा अल्बम अमेरिकेच्या विक्रीयादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचला. हेवी मेटलच्या अल्बमला तोपर्यंत हा मान मिळालेला नव्हता. १९८६ साली 'बॉन जोव्ही'चा 'स्लिपरी व्हेन वेट' आणि 'पॉयझन'चा पहिला अल्बम आला, १९८७ मध्ये 'डेफ लेपर्ड'चा 'हिस्टेरिया' आला आणि शैलीची भरभराट कळसाला पोहोचली. ऑगस्ट १९८९ मध्ये तर 'बॉन जोव्ही', 'मॉटली क्रू', 'सिंड्रेला', 'स्किड रो' ही मंडळी मॉस्कोच्या लेनिन स्टेडियमवर दोन दिवसांच्या शांतता महोत्सवात गाऊन आली. साम्यवादी राजधानीत केसांचा हा पिसारा फुललेला पाहणे हा त्या काळाचा एक विलक्षण देखावा होता.

या शैलीला हसणारे एक गोष्ट सहसा विसरतात. तिच्यातील कसब खरे होते. रँडी ऱ्होड्स हा तरुण गिटारवादक 'क्वायट रायट'च्या आरंभीच्या काळात त्या वृंदात होता. त्याची आई नॉर्थ हॉलिवूडमध्ये संगीतशाळा चालवी आणि तो तेथे शिकत शिकत शिक्षक झाला. १९८२ साली वयाच्या पंचविसाव्या वर्षी विमान अपघातात त्याचा अंत झाला, तोपर्यंत अभिजात पाश्चात्त्य संगीताचे स्वरबंध त्याने विद्युत गिटारवर सहजतेने उतरवले होते. एडी व्हॅन हेलन हा नेदरलँड्समध्ये जन्मलेला, वाद्ये वाजवणाऱ्या बापाचा आणि इंडोनेशियात जन्मलेल्या आईचा मुलगा. लहानपणी पियानो शिकलेल्या या मुलाने दोन्ही हातांची बोटे गिटारच्या तारांवर नाचवण्याची जी रीत रूढ केली, तिच्या मागे पुढची अख्खी पिढी लागली. गाण्याचे ध्रुवपद पहिल्याच ऐकण्यात ओठांवर बसावे आणि हजारोंच्या समुदायाने ते एकसुरात उचलून धरावे, ही रचनादृष्टीही काही सामान्य नव्हे. कीर्तनात बसलेला माणूस ध्रुवपदाची शक्ती जाणतो. शिवाय ही गाणी ऐकणारी मुले बहुतांशी कामगार वस्त्यांतील आणि आडगावांतील होती. आठवडाभर कोणी ज्यांच्याकडे पाहत नसे त्या मुलांना शनिवारी रात्री झळकण्याची परवानगी या संगीताने दिली. ही परवानगी क्षुल्लक मानणे हा सुखवस्तू रसिकाचा अहंकार ठरेल.

मग बिनसले कोठे? माझ्या मते शृंगार आणि मर्दपणा यांच्यातील ताण या शैलीने ज्या रीतीने सोडवला तेथे. 'पॉयझन'च्या पहिल्या अल्बमच्या वेष्टनावर चार रंगवलेले चेहरे आहेत. पाहणाऱ्या अनेकांना ते चार स्त्रियांचे वाटले. असे वाटणे ही बोवीच्या दृष्टीने कमाई ठरली असती. येथे तो धोका होता आणि तो तातडीने निवारणे भाग होते. तो निवारण्यासाठी चित्रफितींतून तोकड्या कपड्यांतील स्त्रियांचा तांडा सतत गायकाभोवती फिरवण्यात आला. मी नटलो असलो तरी पुरुषच आहे, याचा दाखला म्हणून स्त्री वापरली गेली. 'व्हिक्सन'सारखा स्त्रियांचा वृंद किंवा लिटा फोर्डसारखी गिटारवादक या गर्दीत आपल्या वादनावर उभी राहिली खरी, परंतु अपवादापुरतीच. 'मॉटली क्रू'च्या चौघांनी २००१ साली 'द डर्ट' हे आत्मकथन प्रसिद्ध केले. त्यात स्त्रियांशी केलेल्या वर्तनाची जी वर्णने आहेत, त्यांतील फुशारकीचा स्वर आज वाचवत नाही. पुरुषाच्या शृंगाराची किंमत येथे दुसऱ्या कोणीतरी मोजली. समीक्षेच्या दृष्टीने मला हाच कळीचा मुद्दा वाटतो: नटण्याचे मोल कोणाच्या पदरातून गेले?

ही कसोटी आपल्या परंपरेला लावून पाहू. बालगंधर्व (१८८८–१९६७) हे स्त्रीवेषात रंगभूमीवर उभे राहिले आणि घरंदाज बायका त्यांच्या लुगड्याची नेसण व केशभूषा यांचे अनुकरण करू लागल्या. त्या शृंगाराच्या वैभवासाठी त्यांची नाटक मंडळी कर्जात बुडाली. मोल त्यांनी स्वतः चुकते केले. तमाशाच्या फडावर हा हिशेब अधिक निष्ठुर होतो. आनंद यादव यांच्या 'नटरंग' या १९७८च्या कादंबरीतला गुणा हा पैलवानी अंगाचा मोलमजूर. तमाशाच्या वेडापायी तो नाच्याची भूमिका पत्करतो आणि गाव त्याचे पुरुषपण हिरावून घेते. २०१० साली रवी जाधव यांनी या कादंबरीवर चित्रपट केला. त्यात अतुल कुलकर्णी यांनी पैलवानाची कमावलेली काया आणि नाच्याची लवचीक चाल या दोहोंना एकाच शरीरात जागा दिली आहे. गुणाने काजळ घातले म्हणून त्याची थट्टा होते, त्याच्यावर अत्याचार होतो, घर तुटते. सनसेट स्ट्रिपवरच्या तरुणाला काजळाने कीर्ती दिली. कागलकर गुणाला त्याच काजळाने गावाबाहेर काढले. तरीही कलेच्या तराजूत गुणाचे काजळ जड भरते, कारण त्याच्या मागे माणसाची सगळी प्रतिष्ठा पणाला लागलेली आहे.

याहून जवळचे उदाहरण मराठवाड्यातील प्रत्येकाने पाहिलेले आहे. पोतराज गावात येतो तेव्हा त्याचे केस न कापलेले, कपाळ हळदीकुंकवाने माखलेले, अंग उघडे, कमरेला खणांच्या चिंध्यांचा घोळदार घागरा आणि पायांत घुंगरू असतात. सोबत देवीचा देव्हारा डोक्यावर घेतलेली बायको असते. तिच्या वाद्याच्या ठेक्यावर तो नाचतो आणि हातातला कोरडा फिरवून स्वतःच्या अंगावर फटके ओढून घेतो. लांब केस, रंगलेला चेहरा, बायकी वस्त्र, कर्कश नाद आणि अंगावर काटा आणणारे पौरुष, ही पाचही लक्षणे येथे एकत्र आहेत. बाहेरून पाहता ग्लॅम मेटलचा गायक त्याच्या शेजारी उभा करावा इतके साम्य आहे. फरक इतकाच की पोतराजाचे केस त्याच्या मर्जीने वाढलेले नाहीत. बहुधा मातंग समाजातील एखाद्या घरचा मुलगा नवसापोटी देवीला सोडला जाई आणि त्या नवसामागे रोगराईची भीती व पिढ्यान्पिढ्यांचे दारिद्र्य उभे असे. दलित चळवळीने पोतराजांचे केस कापण्याचा आग्रह धरला तो म्हणूनच. ते केस उतरले तेव्हा एक कला गेली असे हळहळणाऱ्याने पाठीवरचे वळ कोणाच्या होते तेही सांगावे. शृंगार निवडता येणे आणि शृंगार लादला जाणे यांच्यामधले अंतर पोतराजाखेरीज कोणाला अधिक कळणार? ग्लॅम मेटलच्या गायकाला हे स्वातंत्र्य होते. तो सायंकाळी नटत असे आणि सकाळी रंग धुऊन टाकत असे. स्वातंत्र्य हाती असताना त्याने त्याचे काय केले, हा त्याच्यावरचा आक्षेप आहे.

येथे 'स्ट्रायपर' या वृंदाचा उल्लेख करणे अगत्याचे आहे, कारण या नियतकालिकाच्या वाचकांना त्यात विशेष स्वारस्य वाटेल. दक्षिण कॅलिफोर्नियातील हे ख्रिस्ती तरुण ग्लॅम मेटलच्याच वेषात, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे कपडे घालून गात आणि प्रयोगाच्या वेळी नव्या कराराच्या प्रती प्रेक्षकांत भिरकावीत. १९८६ सालचा त्यांचा 'टू हेल विथ द डेव्हिल' हा अल्बम दहा लाखांहून अधिक खपला. त्यांच्या नावाशी त्यांनी यशयाच्या ग्रंथातील ५३व्या अध्यायाचे ५वे वचन जोडले होते. इंग्रजीत ज्या शब्दाने कापडावरचे पट्टे दर्शवतात, त्याच शब्दाने जुन्या इंग्रजी बायबलमध्ये चाबकाचे वळ दर्शवले आहेत. दुःखसहिष्णू सेवकाच्या त्या वळांनी आपण बरे होतो, असा त्या वचनाचा आशय आहे. श्लेष चतुर आहे. परंतु श्लेषातच वृंदाची मर्यादाही आहे. वळाचे रूपांतर पट्ट्यात झाले की वेदना नाहीशी होते आणि नक्षी उरते. जिमी स्वॅगर्टसारख्या दूरचित्रवाणीवरील प्रवचनकारांनी 'स्ट्रायपर'वर झोड उठवली, ती मात्र लांब केस आणि कर्कश नाद यांसाठी. तो आक्षेप वरवरचा होता. पेटीतबल्यावर भजन गाणाऱ्या आपल्या ख्रिस्ती समाजाला वाद्याचे वा वेषाचे सोवळे मानण्याचे कारण नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली प्रसिद्ध झालेल्या 'ख्रिस्तपुराणा'साठी ओवीचा स्वीकार केला, तेव्हा उसने घेतलेल्या रूपाला आतून पेलण्याएवढे भाषेचे प्रेम आणि विषयाचे भान त्यांच्यापाशी होते. 'स्ट्रायपर'ला विचारायचा प्रश्न हा की घेतलेल्या रूपाचे तुम्ही काय केले? त्यांनी शब्द बदलले. गर्जनेची आणि विजयाची भाषा जशीच्या तशी ठेवली. सेवकाची वेदना त्या भाषेत मावणारी नव्हती.

शैलीचा अस्त कसा झाला याविषयी एक सोपी कथा प्रचलित आहे. २४ सप्टेंबर १९९१ रोजी सिॲटलच्या परिसरातून पुढे आलेल्या 'निर्वाणा' या वृंदाचा 'नेव्हरमाइंड' हा अल्बम आला, जानेवारी १९९२ मध्ये त्याने मायकल जॅक्सनच्या 'डेंजरस'ला पहिल्या स्थानावरून हटवले आणि एका फटक्यात केसांचे राज्य बुडाले, अशी ती कथा. तिच्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच. जून १९९१ मध्ये 'स्किड रो'चा अल्बम थेट पहिल्या क्रमांकावर दाखल झाला होता. म्हणजे वरून पाहता इमारत भक्कम होती. आतून ती पोखरली गेली होती. विक्रमी खप पाहून ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी एकासारखे दुसरे असे वृंद बाजारात आणले. प्रत्येक अल्बमवर एक संथ प्रेमगीत असलेच पाहिजे असा दंडक पडला, कारण तेच रेडिओवर चाले. डेस्मंड चाइल्डसारखे व्यावसायिक गीतकार वेगवेगळ्या वृंदांना गाणी घडवून देऊ लागले आणि बंडखोरीचा कच्चा माल एकाच कोठारातून पुरवला जाऊ लागला. सनसेट स्ट्रिपवर तर नवख्या वृंदाला क्लबची तिकिटे आगाऊ स्वतःच विकत घ्यावी लागत आणि मग ती गिऱ्हाईक शोधून खपवावी लागत. पेनेलपी स्फीरिस यांचा १९८८ सालचा, 'द डिक्लाइन ऑफ वेस्टर्न सिव्हिलायझेशन' या मालिकेतील दुसरा अनुबोधपट पाहावा. आपण उद्या प्रसिद्ध होणारच, असे कॅमेऱ्यासमोर ठामपणे सांगणारे तरुण त्यात एकामागून एक येतात. त्यांचे पुढे काय झाले हे प्रेक्षकाला ठाऊक असते.

'वॉरंट' या वृंदाचा गायक जानी लेन याची हकिगत या ऱ्हासाचे सार सांगते. १९९० साली वृंदाचा अल्बम तयार झाला असता कंपनीच्या प्रमुखाने एका जोरकस, लोकप्रिय होईल अशा गाण्याची मागणी केली. लेनने ते अल्पावधीत लिहून दिले. स्त्रीदेहाची तुलना चेरीच्या गोड पदार्थाशी करणारे ते 'चेरी पाय' हे गाणे. अल्बमचे आधी ठरलेले नाव जाऊन त्याला या गाण्याचे नाव मिळाले. गाणे तुफान चालले आणि लेनची पुढची सारी ओळख त्याने गिळली. हे गाणे आपण लिहायला नको होते, असे त्याने नंतर कॅमेऱ्यापुढे उद्वेगाने बोलून दाखवले. २०११ मध्ये वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी तो गेला. स्त्रीला वस्तू करणाऱ्या गाण्याने शेवटी आपल्या कर्त्यालाही वस्तू करून टाकले, असे म्हटले तर ते शब्दांचे खेळ ठरू नयेत. लेन हा सुरांची जाण असलेला गीतकार होता. बाजाराने त्याच्याकडून एकच गाणे कायमचे विकत घेतले.

'निर्वाणा' आणि त्याच्या सोबत्यांनी रंग धुतला, फुललेले केस बसवले आणि साधे चौकटीचे शर्ट घातले. दुर्बलता कबूल करणारा पुरुष रंगमंचावर आला. याला प्रामाणिकपणाचा विजय म्हणतात. काही अंशी तो होताही. परंतु 'ॲलिस इन चेन्स' आणि 'पँटेरा' यांनीही आपल्या आरंभीच्या काळात केस फुलवले होते हे विसरून चालणार नाही. चौकटीचा शर्ट हाही लवकरच दुकानात गणवेश म्हणून विकला जाऊ लागला. नटण्याची चाल गेली आणि न नटल्याचे नटणे आले.

आता मुंबईकडे वळू. पाश्चात्त्य संगीताचे शिक्षण आपल्याकडे ज्यांनी आणले त्यांत गोव्यातील धर्मग्रामांच्या संगीतशाळांतून शिकलेले ख्रिस्ती वादक अग्रभागी होते. पोर्तुगीज अमदानीत तेथे मुले स्वरलेखन व व्हायोलिन शिकत आणि मोठी झाली की मुंबईची वाट धरीत. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड ही त्यांतील ठळक नावे. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत त्यांनी आयुष्य घालवले आणि श्रोत्यांना त्यांचे चेहरे कधी दिसले नाहीत. चेहरा नसलेले कसब ही त्या पिढीची नियती होती. तिच्या नंतरच्या शहरी तरुणांना चेहरा हवासा वाटला तर त्यात नवल नाही. १९८४ साली मुंबईत 'रॉक मशीन' हा वृंद स्थापन झाला. महेश तिनईकर, मार्क सेल्विन, मार्क मेनेझिस, उदय बेनेगल, जयेश गांधी, झुबिन बालापोरिया ही त्या वृंदातील नावे वाचली तरी मुंबईच्या सर्व वस्त्यांचा मेळ त्यात दिसतो. लांब केस, घट्ट विजारी, उंच पट्टीतले ध्रुवपद आणि जोडीने वाजणारी गिटार, असा अस्सल तत्कालीन थाट होता. १९८६ मध्ये सुरू झालेल्या 'इंडिपेन्डन्स रॉक' या वार्षिक मेळ्याला आणि धोबीतलावच्या रंगभवनातील खुल्या रंगमंचाला अशा वृंदांनी गर्दी खेचली.

'रॉक मशीन'चे श्रेय निःसंदिग्धपणे नोंदवले पाहिजे. परदेशी गाण्यांच्या हुबेहूब नकला मागणाऱ्या श्रोत्यांपुढे त्यांनी स्वतः रचलेली गाणी म्हटली. 'रॉक अँड रोल रेनिगेड' (१९८८) आणि 'द सेकंड कमिंग' (१९९०) हे त्यांचे अल्बम म्हणजे भारतीय इंग्रजी रॉकला स्वतःच्या रचनेची हिंमत देणारे टप्पे होत. तरीही त्या गाण्यांतील रस्ता, रात्र आणि बंड ही बहुतेक सनसेट स्ट्रिपची होती. लोकलने घरी जाणाऱ्या मुलाची नव्हती. कर्ज देणाऱ्याचेच दिवाळे निघाले की कर्जावर चाललेले दुकान अडचणीत येते. १९९३ मध्ये वृंदाने 'इंडस क्रीड' हे नवे नाव घेतले. यंत्राच्या जागी सिंधू नदी आली. आपण कोठले आहोत, या प्रश्नाला ते दिलेले उत्तर होते आणि १९९५ साली त्याच नावाचा अल्बम निघाला. दरम्यान १९९१ पासून स्टार टीव्हीच्या उपग्रहावरून एमटीव्ही भारतात दिसू लागली होती. पण ज्या वाहिनीने हा आरसा आणला तिनेच पुढे दलेर मेहंदी आणि अलिशा चिनॉय यांच्या हिंदी-पंजाबी पॉपला मोठे केले. १९९५ नंतर इंग्रजी रॉकसाठी पडद्यावर जागा उरली नाही. वृंद विखुरला. बेनेगल आणि गांधी यांनी न्यूयॉर्कमध्ये 'आम्स फॉर शांती' या नावाने भारतीय नादांचा शोध घेतला. २०१०मध्ये 'इंडस क्रीड' पुन्हा एकत्र आला आणि २०१२ साली त्याचा 'इव्हॉल्व्ह' हा अल्बम निघाला. तोवर केसांचा पिसारा गेला होता, वाजवण्याचे कसब राहिले होते. शैली मेली तरी हात जगतो, हा त्या मुंबईकर वादकांनी घालून दिलेला धडा आहे.

मराठवाड्यात ही लाट इंग्रजी गाण्यांतून आली नाही. ती हिंदी नायकाच्या डोक्यावर बसून आली. 'साजन' आणि 'सडक' (दोन्ही १९९१) यांतील संजय दत्तचे मानेवर रुळणारे केस गावोगावच्या केशकर्तनालयांत मागितले गेले. २००३ मध्ये 'तेरे नाम'मधील सलमान खानच्या मधोमध भांग पाडलेल्या केसांनी तीच जागा घेतली. त्या चित्रपटाचा नायक मुलीच्या मागे लागतो, तिला धमकावतो आणि प्रेक्षकाची सहानुभूती मिळवतो. केसांसोबत मर्दपणाची ही कल्पनाही उचलली गेली हे नाकारता येत नाही. सनसेट स्ट्रिप आणि चाकूरची बाजारपेठ यांच्यातला दुवा असा नायकाच्या कंगव्यातून गेलेला आहे.

'नटरंग' करणाऱ्या रवी जाधव यांनीच २०१६ साली 'बँजो' हा हिंदी चित्रपट केला. लातूरच्या घरातले रितेश देशमुख त्यात लांब केसांचा बँजोवादक झाले आहेत. मिरवणुकीतला, सुपारी घेऊन वाजवणारा, कोणी ज्याला कलावंत म्हणत नाही असा हा वादक. विषय अस्सल होता. मराठी रस्त्यावरचा विजेचा बँजो हे आपले स्वतःचे कर्कश, झळाळते, श्रमिक वाद्य आहे आणि त्याच्या वादकाला रॉकगायकाचा डौल शोभून दिसला असता. परंतु चित्रपटाने त्याची योग्यता ठरवण्याचे काम अमेरिकेतून आलेल्या पाहुणीकडे सोपवले आणि वादकाला परदेशी रॉकगायकाचा आरसा दाखवला. एकाच दिग्दर्शकाच्या या दोन कृती शेजारी ठेवल्या म्हणजे 'नटरंग'चे यश अधिक उठून दिसते. गुणाला कोणाच्या प्रमाणपत्राची वाट पाहावी लागत नाही.

बँजोवादकाचेही दिवस आता भरत आले आहेत. त्याच्या जागी डीजेच्या भिंती आल्या. जयंती असो वा विसर्जन, ट्रॉलीवर रचलेली पेट्यांची उतरंड, डोळे दिपवणारे झोत आणि छातीत धडधडणारा ठोका म्हणजेच उत्सव, अशी समजूत झाली आहे. ध्वनिप्रदूषणविषयक २०००च्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ती कशी पाळली जाते हे वाचकांना सांगायला नको. येथे वादक नाही, ऱ्होड्स वा तिनईकर यांच्यासारखे वर्षानुवर्षे बसून कमावलेले बोटांचे कसब नाही, पोतराजाची पाठ नाही. ग्लॅम मेटलमधून कला वजा केली आणि मर्दपणाची दवंडी तेवढी ठेवली तर जे उरेल ते हे आहे. याचे मोल शेजारच्या घरातील म्हातारे, तान्ही मुले आणि आजारी माणसे मोजतात.

तेव्हा या शैलीविषयीचा माझा निवाडा असा. पुरुषाने नटावे, केस वाढवावेत, उंच सुरात गावे, हे तिचे म्हणणे योग्य होते. आपल्या मुलांना ते नाकारण्यात शहाणपण नाही. १९८५ साली अमेरिकन सिनेटच्या समितीसमोर 'ट्विस्टेड सिस्टर'चा केसाळ गायक डी स्नायडर साक्ष देण्यास उभा राहिला. आपण ख्रिस्ती संस्कारांत वाढलो, मद्य वा तंबाखूला शिवत नाही, असे त्याने शांतपणे सांगितले, तेव्हा वेषावरून माणूस ओळखू पाहणाऱ्यांची पंचाईत झाली होती. ती पंचाईत स्मरणात ठेवावी. परंतु नटलेल्या पुरुषाने आपल्या शृंगाराची भीती बाळगून ती स्त्रीच्या अपमानाने झाकली, तेथे ही शैली खोटी ठरली आणि बाजाराने तिचा खोटेपणा तेवढा छापून काढला. निर्भयपणे नटणारा पुरुष तिला घडवता आला नाही. ती संधी वाया गेली.

आपल्या गावातील एखाद्या मुलाने केस वाढवले आणि हाती गिटार वा बँजो घेतला तर त्याला घरातील वडिलांनी टोकण्यापूर्वी दोन गोष्टी विचाराव्यात. वाद्यावर तुझा हात किती बसला आहे? आणि तुझ्या गाण्यातली मुलगी माणूस आहे की नाही? या दोन प्रश्नांची उत्तरे ठीक आली, तर केसांचे त्याचे त्याला पाहू द्यावे.